एनडीपीएसच्या किरकोळ प्रकरणातलं प्रोबेशन मुदतीआधी कसं संपवावं

गांजा ओढताना पकडलं, एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलं, पण तुरुंगात न पाठवता दोन किंवा तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं आणि वर परिवीक्षा (म्हणजेच प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख लावली. वर्ष-दीड वर्ष हजेरी नीट झाली. आता दुसऱ्या शहरात नोकरी लागतेय किंवा पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचंय, आणि दर महिन्याची हजेरी आडवी येतेय. अशा वेळी मुदत संपायच्या आधी मोकळं होण्याची वाट कायद्यात आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ८(३) नुसार वर्तणूक पाहता आता देखरेखीची गरज उरलेली नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तर ते बंधपत्र रद्द करून माणसाला मोकळं करू शकतं.

मात्र या कलमात एक अट आहे आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. न्यायालयाने ही खात्री परिवीक्षा अधिकाऱ्याने केलेल्या अर्जावरून करून घ्यायची असते. म्हणजे किल्ली अधिकाऱ्याकडे आहे. तुमचा वकील कितीही चांगला असला तरी त्याने तुमच्या नावाने थेट दाखल केलेला अर्ज कलमाच्या शब्दांत बसत नाही. म्हणून सगळी तयारी अधिकाऱ्याला समोर ठेवून करायची, कोर्टाचा टप्पा त्यानंतर.

आधी आदेश वाचा, कारण सगळी सुटका सारखी नसते

निकालाची प्रमाणित नक्कल हातात नसेल तर पहिलं काम तेच. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो, तिथे सोळा अक्षरांचा सीएनआर (प्रकरणाचा ओळख) क्रमांकही मिळतो. तो लिहून नक्कल विभागात अर्ज द्या. निकाली प्रकरण अभिलेख कक्षात गेलं असेल तर नक्कल मिळायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नक्कल मिळाली की शेवटचा, आदेशाचा भाग वाचा. कोणत्या कलमाखाली दोषी ठरवलं आणि कोणत्या कलमाखाली सोडलं, या दोन गोष्टी शोधायच्या.

समज देऊन सोडलं असेल, म्हणजे परिवीक्षा अधिनियमाचं कलम ३ लावलं असेल, तर सुटका मागण्यासारखं काही उरलेलंच नाही. ना बंधपत्र, ना मुदत. गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर तेही प्रोबेशन नव्हे. दंड भरला त्या दिवशी शिक्षा भोगून झाली. घरच्यांनी ‘प्रोबेशनवर सुटला’ असं सांगत राहिल्यामुळे वर्षानुवर्षं तसं समजणारी माणसं भेटतात.

कलम ४(१) खाली नुसत्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर बोलावल्यावर हजर राहून शिक्षा ऐकायची आणि तोवर शांतता राखून नीट वागायचं, एवढीच अट असते. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. इथे देखरेख नाही, हजेरी नाही, म्हणून बहुधा लवकर सुटण्याची घाईही नसते. अधिकारी नेमलेलाच नसल्यामुळे ८(३) चा अर्ज करणारंही कुणी नसतं. शांतपणे मुदत पूर्ण करणं हा इथे सर्वांत स्वस्त उपाय.

आदेशात कलम ४(३) आणि ४(४) असेल, अधिकाऱ्याचा उल्लेख आणि अटी असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. हा देखरेखीचा आदेश. तो किमान एक वर्षाचा असावा लागतो. सोबत जे बंधपत्र लिहून घेतात त्यात राहण्याचं ठिकाण, नशेपासून दूर राहणं अशा जादा अटी घालता येतात. या आदेशाची एक प्रत तुम्हाला, एक जामीनदाराला आणि एक अधिकाऱ्याला मिळायला हवी, असं कलम ४(५) सांगतं. तुमची प्रत हरवली असेल तर तसं कबूल करून नक्कल काढा, ऐकीव अटींवर चालू नका.

चौथा प्रकार वेगळ्याच कायद्यातला. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ खाली व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी बंधपत्रावर सोडतात. एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टात द्यायचा. तो पाहून कोर्ट समज देऊन तीन वर्षांपर्यंतचं दुसरं बंधपत्र घेऊ शकतं. या बंधपत्राला परिवीक्षा अधिनियमाचं कलम ८ लागत नाही आणि कलम ३९ मध्ये मुदतीआधी सुटण्याची तरतूद नाही. इथे ८(३) चा अर्ज घेऊन जाणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणं.

कलम ३३ ची अडचण

एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ३३ ने प्रोबेशनचा दरवाजा बराचसा बंद करून ठेवलाय. या कायद्याखाली दोषी ठरलेल्याला परिवीक्षा अधिनियम लागू होत नाही. अपवाद दोनच : व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, किंवा गुन्हा कलम २६ किंवा २७ खालचा असेल. कलम २६ परवानाधारकांच्या हिशेब-नोंदींसारख्या उल्लंघनांचं, म्हणजे सामान्य माणसासाठी उरतं कलम २७, सेवनाचं. कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन आणि अधिसूचित पदार्थांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजा-चरससकट बाकीच्या पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता घोळ इथे होतो. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत धरतात, चरसची १०० ग्रॅम, हेरॉईनची ५ ग्रॅम, कोकेनची २ ग्रॅम. खिशात दहा ग्रॅम गांजा सापडला तर बाळगल्याचं कलम २०(ब) लागतं. ओढताना सापडला तर २७. एफआयआरमध्ये पुष्कळदा दोन्ही असतात. बाळगण्याच्या कलमाखाली दोषी ठरवून कुणाला परिवीक्षा अधिनियमाखाली सोडलं असेल आणि तो सज्ञान असेल, तर तो आदेश मुळातच कलम ३३ शी भांडतो. असा आदेश शांतपणे चाललेला असताना ८(३) चा अर्ज पुढे केला की सरकारी अभियोक्ता फाईल पहिल्यापासून वाचणार. परिवीक्षेच्या आदेशाविरुद्ध दाद मागता येते आणि वरचं कोर्ट तो रद्द करून शिक्षा देऊ शकतं. तुमच्या निकालात असं दिसलं तर अर्जाचा विचार करण्याआधी फौजदारी वकिलाला निकाल दाखवा. अशा वेळी मुदत गुपचूप पूर्ण करणंच शहाणपणाचं ठरू शकतं.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची प्रकरणं बाल न्याय मंडळाकडे, बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली चालतात. तिथली परिवीक्षा वेगळी आणि तिची वाटही वेगळी.

दोन मागण्या, त्यांतला फरक

कलम ८ मध्ये अधिकाऱ्याला दोन प्रकारचे अर्ज करता येतात. ८(१) खाली बंधपत्राची मुदत कमी करणं किंवा अटी बदलणं, आणि ८(३) खाली बंधपत्रातून पूर्ण मुक्तता.

८(१) ऐकायला सौम्य वाटतं, पण त्याला दोन धारा आहेत. त्याच कलमाखाली कोर्ट मुदत वाढवूही शकतं (मूळ आदेशापासून तीन वर्षांची कमाल मर्यादा पाळून) आणि नव्या अटी घालू शकतं. शिवाय बदल करण्याआधी तुम्हाला आणि जामीनदाराला ऐकून घ्यावं लागतं. जामीनदाराने संमती नाकारली तर कोर्ट नवं बंधपत्र मागू शकतं आणि ते दिलं नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. जामीनदार म्हणून उभे राहिलेले काका आता तुमच्याशी बोलत नसतील, तर ही गोष्ट आधी निस्तरा.

तरी ८(१) चा एक चांगला उपयोग आहे. अधिकारी पूर्ण मुक्ततेला तयार नसेल, पण हजेरी महिन्याऐवजी तिमाही करायला, किंवा परजिल्ह्यात राहण्याची परवानगी द्यायला तयार असेल, तर तेवढ्यासाठी ८(१) वापरा. पुष्कळांची खरी अडचण तेवढ्याने सुटते.

कधी मागावं

कलम ८(३) मध्ये किमान काळ दिलेला नाही. पण सहा महिन्यांत मागणाऱ्याला ‘वर्तणूक’ दाखवायला काही नसतं. तीन वर्षांच्या आदेशात पंधरा ते अठरा महिने नीट गेल्यावर, दोन वर्षांच्या आदेशात वर्ष उलटल्यावर विषय काढणं रास्त. एक वर्षाचाच आदेश असेल तर खटाटोप करू नका. अहवाल, तारखा, सरकारी अभियोक्त्यांचं म्हणणं यांत मुदत आपोआप संपेल.

कारण ठोस असेल तर थोडं लवकरही चालतं : नेमणूकपत्र, प्रवेशपत्र, लग्नानंतर गाव बदलणं. तरी कारणापेक्षा वर्तणूक महत्त्वाची, कारण कलमात वर्तणूकच लिहिली आहे. ‘मला अडचण होते’ हा आधार नाही, ‘देखरेखीची गरज उरली नाही’ हा आधार आहे. सगळे कागद दुसऱ्या वाक्याला पुरावा म्हणून लावायचे.

कागद जमवताना

निकालाची आणि देखरेखीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल, बंधपत्राची प्रत, ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा हे झालं मूलभूत. कलम ४ खाली सोडताना दंडाची शिक्षा होत नाही, पण कलम ५ खाली भरपाई किंवा खटल्याचा खर्च भरायला सांगितलेला असू शकतो. सेवनाच्या गुन्ह्यात फिर्यादीचं नुकसान नसतं, म्हणून असलाच तर खर्च. त्याची पावती शोधा. सापडत नसेल तर कोर्टाच्या नाझर (पैसे भरण्याच्या) विभागातून भरल्याची नोंद काढून घ्या.

हजेरीचा पुरावा हा सगळ्यांत वजनदार कागद, आणि सगळ्यांत दुर्लक्षितही. अधिकाऱ्याच्या वहीत नोंद असते, पण अधिकारी बदलला की वही हलते, पानं जुळत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवावी : तारीख, वेळ, कोणाला भेटलो, सही-शिक्का. आजपर्यंत ठेवली नसेल तर विद्यमान अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन हजेरीचा गोषवारा मागा. चुकलेल्या भेटी लपवू नका. आजारी होता तर त्या दिवसाचं डॉक्टरांचं पत्र, परीक्षा होती तर हॉल तिकीट जोडा.

नोकरी असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर रुजू तारखेसह पत्र आणि गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. शिकत असेल तर बोनाफाईड आणि गुणपत्रिका. शेती किंवा स्वतःचा धंदा असेल तर सातबारा, दुकानाचा परवाना, बँकेचं खातेपुस्तक. सरपंचाचं किंवा नगरसेवकाचं ‘मी यांना ओळखतो, वर्तणूक चांगली’ छापाचं पत्र जोडायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. तसली पत्रं अधिकाऱ्यांनी गठ्ठ्याने पाहिलेली असतात.

व्यसनमुक्तीचा उपचार घेतला असेल तर डिस्चार्ज कार्ड, पाठपुराव्याच्या भेटींची नोंद आणि समुपदेशकाचं पत्र. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र असो की जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, पत्रात ‘उपचार पूर्ण’ की ‘उपचार सुरू’ हे स्पष्ट लिहून घ्या. अर्धवट सोडलेला उपचार लपत नाही. कुठे जायचं हे माहीत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

लघवीची तपासणी, अनारसे आणि भांग

अट असो वा नसो, गेल्या दोन-तीन महिन्यांतले दोन-तीन निगेटिव्ह अहवाल जोडले तर अर्जाला बळ येतं. पण तपासणी कशी चुकते हे माहीत हवं.

कधीमधी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत अंश साधारण तीन दिवस सापडतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहून जास्त. अफूजन्य पदार्थ दोन-तीन दिवस, एमडीएमए (एक्स्टसी) दोन ते चार दिवस. ‘आदल्या रात्री चार लिटर पाणी पी’ हा मित्रांचा सल्ला घातक आहे. लॅब क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक घटक) पाहते. ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना पातळ केलेला धरतात आणि अधिकाऱ्याच्या डोळ्यांत तो पॉझिटिव्हहून फार वेगळा नसतो.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अफूच्या चाचणीत पॉझिटिव्ह दाखवतं. खसखसही तेच करू शकते. दिवाळीत खसखशीने मढवलेले अनारसे मनसोक्त खाऊन दुसऱ्या दिवशी नमुना देऊ नका. कोणतंही औषध चालू असेल तर चिठ्ठी बरोबर न्या आणि नमुना देण्याआधी सांगा, नंतर सांगितलं की सबब वाटते. प्राथमिक पट्टीवर पॉझिटिव्ह आलं आणि तुम्ही घेतलेलं नसेल तर जीसी-एमएस पद्धतीची खात्रीची चाचणी लेखी मागा.

भांगेचं काय? एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, फुलोऱ्याशिवाय नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. पण महाशिवरात्रीच्या थंडाईने लघवीची चाचणी पॉझिटिव्ह येतेच, आणि राज्याचा दारूबंदी कायदाही भांगेवर नियंत्रण ठेवतो. बंधपत्रात ‘मादक पदार्थ वर्ज्य’ लिहिलं असेल तर दारूही त्यात आली. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरवर सापडलेला माणूस जानेवारीत मुक्ततेचा अर्ज घेऊन येतो, तेव्हा अधिकाऱ्याने काय लिहावं?

अधिकाऱ्याकडे विनंती

महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत असतात. बालकांची प्रकरणं, गृहचौकशा, कोर्टाने मागवलेले अहवाल हे सगळं त्यांच्याच टेबलावर असतं. तोंडी विनंती त्या ढिगात हरवते. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मजकूर साधा ठेवा :

“प्रति, मा. परिवीक्षा अधिकारी, (कार्यालय व जिल्हा).

विषय : अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ८(३) अन्वये न्यायालयात अर्ज सादर करण्याबाबत.

संदर्भ : मा. (न्यायालयाचे नाव), फौजदारी खटला क्र. (…), आदेश दि. (…), देखरेखीचा कालावधी दि. (…) ते दि. (…).

महोदय, उपरोक्त आदेशान्वये मी आपल्या देखरेखीखाली आहे. आजपर्यंत ठरलेल्या (…) भेटींपैकी (…) भेटींना मी हजर राहिलो असून उर्वरित (…) भेटींच्या गैरहजेरीची कारणे व पुरावे सोबत आहेत. आदेशातील अट क्र. (…), (…) व (…) यांचे पालन कसे झाले हे दर्शवणारी कागदपत्रे क्रमाने जोडली आहेत. आदेशानंतर माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंदवलेला नाही. माझ्या वर्तणुकीचा विचार करता पुढील देखरेखीची आवश्यकता आहे किंवा कसे याबाबत आपले मत बनवून, योग्य वाटल्यास कलम ८(३) अन्वये मा. न्यायालयात अर्ज सादर करावा, ही विनंती. पूर्ण मुक्तता योग्य न वाटल्यास कलम ८(१) अन्वये अट क्र. (…) शिथिल करण्याचा विचार व्हावा.”

‘नवीन गुन्हा नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी खात्री करा. पोलीस ठाण्यात बसवून सोडलेली जुनी भांडणं, अदखलपात्र नोंदी, मोटार वाहन कायद्याचे खटले या सगळ्यांचा विचार करा. अधिकारी ठाण्याकडून अहवाल मागवतोच आणि तिथे वेगळं निघालं तर पुढचं सगळं वाया.

अर्जानंतर गृहभेट होईल असं धरून चाला. अधिकारी घरच्यांशी, कधी शेजाऱ्यांशी, कधी मालकाशी बोलतात. मालकाला तुमच्या प्रकरणाची कल्पना नसेल तर ते अधिकाऱ्याला आधी सांगा. त्यांनी अचानक फोन केला आणि नोकरी गेली, तर अर्जाचा आधारच गेला. आईवडिलांना शिकवून ठेवू नका. ‘मुलगा आता वेळेवर घरी येतो, पगार हातात देतो’ एवढं खरं बोलणं पाठ केलेल्या प्रशस्तिपत्रकाहून जास्त लिहिलं जातं.

या कामाला सरकारी फी नाही. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

महिना-दोन महिने काहीच हललं नाही तर काय? आधी भेटून विचारा, मग लेखी स्मरणपत्र. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारता येतं. कोर्टासाठीचा गोपनीय अहवाल त्यात मागू नका, तो मिळणार नाही आणि संबंध बिघडतील. कायद्याने परिवीक्षा अधिकारी जिल्हादंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असतो (कलम १३), त्यामुळे तिथेही निवेदन देता येतं. आणि शेवटचा मार्ग म्हणून वकिलामार्फत कोर्टातच अर्ज करायचा, पण मुक्ततेचा नाही. ‘अधिकाऱ्याकडून वर्तणुकीचा अहवाल मागवावा आणि कलम ८(३) खाली योग्य ती कार्यवाही करण्यास सांगावं’ अशी मागणी ठेवायची. हा शब्दांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण थेट मुक्तता मागणारा अर्ज ‘तरतुदीनुसार नाही’ म्हणून एका ओळीत निकाली निघू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, टोल फ्री क्रमांक १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

कोणतं कोर्ट

ज्या कोर्टाने कलम ४ चा आदेश केला, तेच. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि अपिलात सत्र न्यायालयाने ती बदलून प्रोबेशन दिलं असेल, तर अर्ज सत्र न्यायालयात जातो. कागद न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नेऊन दोन तारखा घालवणारे कमी नाहीत.

सुनावणीच्या दिवशी सरकारी अभियोक्त्यांचं म्हणणं मागवतात. कधी अर्जाला निशाणी (नोंदीचा क्रमांक) पडून ‘म्हणण्यासाठी’ पुढची तारीख लागते. तुम्ही स्वतः हजर राहा. जामीनदारालाही आणता आलं तर आणा, किंवा त्याची ‘हरकत नाही’ अशी सही केलेली पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) तयार ठेवा. न्यायाधीश थेट विचारतात : सध्या काय करता, शेवटचं कधी घेतलं होतं, त्या मित्रांची संगत आहे का. उत्तर छोटं द्या. ‘तेव्हाही मी निर्दोषच होतो’ ही कैफियत इथे मांडायची नसते. ते अपिलाचं काम होतं आणि त्या वाक्याने पश्चात्ताप नसल्याचं मात्र नोंदलं जातं.

अर्ज फेटाळला तर बंधपत्र आहे तसं चालू राहतं. पुन्हा मागता येतं, पण आधीच्या आदेशात न्यायाधीशांनी जी उणीव लिहिली ती भरून काढल्यावर.

मध्येच गाव बदललं असेल तर

ही सगळ्यांत नेहमीची गफलत. माणूस नाशिकहून पुण्याला नोकरीला जातो, अधिकाऱ्याला फोनवर सांगतो, आणि हजेरी ‘नंतर बघू’वर राहते. कागदावर तो गैरहजर. कलम १३(२) नुसार मूळ कोर्ट किंवा सध्याच्या राहत्या जिल्ह्याचे जिल्हादंडाधिकारी दुसरा अधिकारी नेमू शकतात. राहण्याच्या ठिकाणाची अट असेल तर ती ८(१) खाली बदलून घ्यावी लागते. आधी बदल, मग बिऱ्हाड. मुक्ततेचा अर्ज नवा अधिकारी करणार असला तरी तो जातो मूळ कोर्टातच, म्हणून जुन्या अधिकाऱ्याकडची फाईल नव्याकडे पोचली का, हे स्वतः पाठपुरावा करून पाहा.

अट मोडल्याची तक्रार कोर्टापुढे चालू असेल तर मुक्ततेचा विषय काढू नका. कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघतं. पहिल्याच वेळची चूक असेल तर कोर्ट बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकतं. १९५८ ची ही रक्कम आजही तेवढीच. आकडा हसण्याजोगा असला तरी तो वेळेत भरला नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते, आणि भरला तरी चूक नोंदीवर येते. त्यानंतर किमान सहा-आठ महिने स्वच्छ हजेरी झाल्याशिवाय अधिकाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही.

आदेश मिळाल्यावर

मुक्ततेच्या आदेशाच्या तीन-चार प्रमाणित नकला काढा. एक परिवीक्षा कार्यालयात, एक पोलीस ठाण्यात आवक शिक्क्यासह द्या, एक जामीनदाराला, एक स्वतःकडे. जामीनदाराच्या सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर किंवा इतर कागदांवर कोर्टाचा शेरा असेल, मूळ कागद जमा असतील, रोख रक्कम भरली असेल, तर ते परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. तो आपोआप होत नाही.

दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही. कलम १२ एवढंच सांगतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की त्यामुळे दोष ठरल्याची वस्तुस्थिती नाहीशी होत नाही आणि खात्याची कारवाई थांबत नाही. पोलीस पडताळणीत जुना गुन्हा दिसू शकतो. पासपोर्ट कायद्याचं दोन वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेवरून पासपोर्ट नाकारण्याबद्दलचं कलम ६(२)(ई) इथे लागत नाही, कारण शिक्षाच झालेली नाही आणि कलम २७ ची कमाल मर्यादाही एक वर्षाची आहे.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्ममध्ये) ‘कधी दोषी ठरला आहात का’ असं विचारलं तर उत्तर ‘होय’ आणि सोबत दोन्ही आदेशांच्या नकला. २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ प्रकरण नियोक्त्याला माफ करता येतं, पण उमेदवाराची माहिती खरीच असली पाहिजे, असं सांगितलं. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तर अटक किंवा दोषसिद्धी माफ झाली असली तरी सांगा, असं प्रश्नातच लिहिलेलं असतं, आणि अमली पदार्थांबाबत त्यांचा कायदा वेगळा नि कडक आहे. तिकडे जायचं ठरत असेल तर ८(३) चा आदेश आणि मूळ निकाल इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवूनच अर्ज भरा.